परवानगीवर एक्सपायरी डेट कधी टाकणार? हवामान परिषदेतल्या सगळ्या सरकारांना एक खुलं पत्र

प्रति,
हवामान परिषदांमध्ये आपापल्या देशाच्या पाटीमागे बसणारे सगळे प्रतिनिधी, आणि घरी परतल्यावर त्याच देशांत पर्यावरणाचे कायदे लिहिणारे, बदलणारे आणि बऱ्याचदा लांबणीवर टाकणारे सगळे,

नमस्कार.

२३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने तुम्हाला सांगितलं की हवामानाचं नुकसान रोखणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. आणि हे काही मोघम सांगितलं नाही, तेल-कोळसा-गॅस काढणं, जाळणं, त्यांच्या शोधासाठी नवीन परवाने वाटणं, त्यावर सबसिडी देणं हे सगळं देशाच्या अंगाशी येऊ शकतं असं चक्क नावं घेऊन लिहिलं. हा प्रश्न तिथपर्यंत नेला वानुआटूसारख्या छोट्या बेटांच्या देशाने, आणि त्याची सुरुवात केली होती २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या लॉ शिकणाऱ्या मुलामुलींनी. त्यानंतर चार महिन्यांनी तुम्ही सगळे ब्राझीलमध्ये बेलेमला जमलात, दोन आठवडे बसलात, आणि शेवटी जो मुख्य निर्णय छापलात त्यात जीवाश्म इंधन हा शब्दच नाही. कोळसा नाही, तेल नाही, काहीच नाही. यजमान देशाने बाहेर वेगळा ऐच्छिक आराखडा करू म्हणून जाहीर केलं, बास.

ते मत सल्लावजा आहे, बंधनकारक नाही, असं तुमच्यापैकी काही जण म्हणतात. बरोबर. पण न्यायालयाने नवीन कायदा बनवलेला नाही, तुम्हीच सह्या केलेल्या करारांचा आणि आधीपासून लागू असलेल्या नियमांचा अर्थ सांगितलाय, आणि ते करार तर बंधनकारक आहेत ना? हे गप्प बसून गिळता येण्यासारखं नाहीये म्हणून हे पत्र लिहितेय.

आता मी कोण ते सांगते. मी वकील नाही. मी हायड्रॉलॉजीची, म्हणजे पाऊस-पाणी-पुराच्या शास्त्राची इंजिनिअर आहे. धरण, खाण, महामार्ग, कारखाना असं काही मोठं यायचं असलं की त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा एक जाडजूड अहवाल बनतो, त्यातलं पावसाचं आणि पुराचं प्रकरण लिहिणं हे माझं काम. तो अहवाल कोणी वाचत नाही असा एक समज आहे आणि खरं सांगायचं तर तो बऱ्यापैकी खरा आहे. पण सांडवा, म्हणजे धरणातलं जास्तीचं पाणी बाहेर सोडायची वाट, किती रुंद ठेवायचा, खाणीच्या गाळाचा तलाव किती उंचीवर बांधायचा, हे त्याच प्रकरणातल्या आकड्यांवर ठरतं, आणि खालच्या अंगाला राहणाऱ्या माणसांचं काय होणार तेही तिथेच ठरतं. त्या आकड्यांखाली सही माझी असते. त्यामुळे पर्यावरणाचा कायदा हा माझ्यासाठी चर्चासत्राचा विषय नाही.

आम्ही त्या प्रकरणात काय करतो? मागच्या तीस-चाळीस-पन्नास वर्षांच्या पावसाच्या नोंदी घ्यायच्या, त्यावरून शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर काढायचा आणि डिझाइन त्यावर बेतायचं. या सगळ्या हिशेबाखाली एक गृहीतक असतं की पुढचं हवामान मागच्यासारखंच राहणार. आता हवा १ अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते, हे काही मी शोधलेलं नाही, कॉलेजच्या पुस्तकात आहे. आणि जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे वर्ष १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशाने जास्त गरम होतं. म्हणजे ज्या वातावरणातल्या नोंदी मी वापरते ते वातावरणच आता शिल्लक नाही. एका अहवालाला मी पुढच्या दशकांमधल्या पावसाचे अंदाज जोडले, तर मंजुरी देणाऱ्या कार्यालयाकडून फाइल परत आली, शेरा काय, तर विहित नमुन्यात हा भाग नाही, काढून टाकावा. तिथल्या माणसावर माझा राग नाही, त्याने नमुना बघितला आणि टिकमार्क केली. नमुना तुम्ही लिहिता.

माझी मूळ तक्रार एकच आहे, बाकी सगळ्या तिच्याच फांद्या. पर्यावरणाचा कायदा एकदाच बघतो. प्रकल्प सुरू व्हायच्या आधी अहवाल, जनसुनावणी, समिती, अटी, मंजुरी, आणि मग ती फाइल कपाटात. मधूनमधून अटी पाळल्या का याचे कागद जातात येतात, पण मुळात ही मंजुरी आजच्या हवामानात देता आली असती का हा प्रश्न परत कोणी विचारत नाही. हा साचा १९६९ च्या अमेरिकेच्या कायद्यातून आला आणि पुढच्या काही दशकांत जवळपास सगळ्या देशांनी उचलला, आणि त्या काळी तो फारच पुढचा विचार होता, आधी बघा मग बांधा हे तोवर कोणी सक्तीने सांगितलंच नव्हतं. पण त्या कायद्याला वाटत होतं की बदलणार आहे तो फक्त प्रकल्प, आजूबाजूचं जग जागच्या जागी राहणार. साध्या तापाच्या गोळीच्या पाकिटावर एक्सपायरी डेट असते, पण पन्नास वर्षं नदी अडवून ठेवणाऱ्या मंजुरीवर बहुतेक ठिकाणी ती नसते.

याचं काय होतं ते बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल वादळ लिबियावर आलं, डर्ना शहराच्या वरची १९७० च्या दशकातली दोन धरणं एका रात्रीत फुटली आणि हजारो माणसं समुद्रात वाहून गेली. हो, तिथे यादवी होती, देखभाल नव्हती, सगळा दोष हवामानावर टाकता येणार नाही हे मलाही कळतं. म्हणून दुसरं उदाहरण घेते जिथे यादवीही नव्हती आणि पैशाची चणचणही नव्हती. कॅलिफोर्नियातलं ओरोव्हिल धरण, अमेरिकेतलं सगळ्यात उंच. तिथे जलविद्युत प्रकल्पाच्या लायसन्सला मुदत असते, म्हणजे मी मागतेय ते तिथे आहे. २००५ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी पर्यावरण संघटनांनी लेखी मागणी केली की आपत्कालीन सांडव्याखालचा उतार नुसता मातीचा आहे, त्याला काँक्रीट करा. उत्तर आलं, गरज नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये मोठ्या पावसात मुख्य सांडवा फाटला, पाणी पहिल्यांदाच त्या आपत्कालीन सांडव्यावरून गेलं, खालची माती उखडायला लागली आणि सुमारे १,८८,००० लोकांना घरं सोडून पळावं लागलं. म्हणजे नुसती मुदत असून भागत नाही, मुदत संपल्यावर कोणता प्रश्न विचारायचाच विचारायचा हेही कायद्यात असावं लागतं.

दुसरी तक्रार मोजणीची. तेलविहिरीला परवानगी देताना विहिरीवरचे पंप, ट्रक, दिवे यांचं उत्सर्जन मोजायचं आणि जे तेल बाहेर काढणार ते जळल्यावर काय होईल ते मोजायचं नाही, ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. का तर म्हणे ते दुसरीकडे जळणार. जून २०२४ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सरे काउंटीतल्या एका विहिरीच्या केसमध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की काढलेलं तेल जळणारच आहे, तो परिणाम मोजल्याशिवाय दिलेली परवानगी बेकायदेशीर. त्याच निकालाच्या आधारावर जानेवारी २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या कोर्टाने उत्तर समुद्रातल्या रोझबँक आणि जॅकडॉ या दोन मोठ्या क्षेत्रांच्या मंजुऱ्या रद्द केल्या, नव्याने अर्ज करा म्हणाले. इतकी साधी गोष्ट समजायला एवढी वर्षं आणि तीही एका मताच्या फरकाने! आणि अमेरिकेतल्या मोंटाना राज्याने तर हद्द केली होती, तिथे कायद्यातच लिहिलं होतं की परिणामांचा अभ्यास करताना हरितगृह वायूंचा विचार करायचा नाही. सोळा तरुण मुलामुलींनी केस केली, २०२३ मध्ये जिंकली, डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही ती कायम ठेवली. मुलांना कोर्टात जाऊन विधिमंडळाला सांगावं लागतं की डोळे उघडे ठेवा.

तिसरी तक्रार माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची आहे कारण इथे टेक्नॉलॉजीने आपलं काम चोख केलंय आणि कायदा झोपलाय. मिथेन हा वायू वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशीपट जास्त तापवतो, आणि तेल-गॅसच्या पाइपांमधून, विहिरींमधून तो गळत असतो. पूर्वी कंपनी जो आकडा देईल तोच खरा मानावा लागायचा. आता उपग्रह आहेत, कुठल्या देशात कुठल्या ठिकाणी किती मोठी गळती चाललीय ते वरून दिसतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने यासाठी इशारा देणारी यंत्रणा उभारली, गळती दिसली की त्या देशाच्या सरकारला आणि कंपनीला कळवायचं. २०२४ च्या त्यांच्याच अहवालात आहे की अशा १,२०० हून जास्त सूचना पाठवल्या आणि उत्तर आलं साधारण १ टक्क्याला. एक टक्का! पुढच्या वर्षी हे प्रमाण १२ टक्क्यांपर्यंत गेलं आणि त्याचं कौतुक झालं, मलाही बरं वाटलं, पण शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी सूचनांना साधी पोचही नाही. आणि तुमच्यापैकी दीडशेहून जास्त देशांनी २०२१ पासून मिथेन २०३० पर्यंत ३० टक्के कमी करायच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्यात. गळती बंद करणं हे बहुतेक वेळा झडप बदलणं, जोड घट्ट करणं असलं प्लंबरछाप काम असतं, त्यासाठी नवीन शोध लागायची वाट बघायची नसते. फक्त सूचना आली की इतक्या दिवसांत उत्तर द्या, इतक्या दिवसांत दुरुस्त करा असा कायदा लागतो. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये तसा नियम केला, गळती शोधा आणि ठराविक मुदतीत दुरुस्त करा, पुढे आयात होणाऱ्या इंधनालाही अटी लागू होणार. म्हणजे करता येतं.

आणि उपग्रहांवर तरी किती दिवस विसंबणार? मिथेनसॅट नावाचा खास याच कामाचा उपग्रह मार्च २०२४ मध्ये वर गेला आणि जून २०२५ मध्ये त्याच्याशी संपर्कच तुटला. तो एका स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने, बराचसा देणग्यांवर उभा राहिला होता. जगाचा मिथेन मोजायचं काम देणगीवर चालतं आणि कायद्याच्या बजेटमध्ये त्याला जागा नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

चौथं म्हणजे डेटा सेंटर, इंटरनेट आणि एआय ज्यांच्यावर चालतं त्या कॉम्प्युटरांनी भरलेल्या इमारती. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटर्सनी ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, जगाच्या विजेच्या सुमारे १.५ टक्के, आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४५ च्या आसपास जाईल, म्हणजे जपान आज एकूण जेवढी वीज वापरतो त्याहून जास्त. आता कायद्याच्या नजरेतून बघा, हे बऱ्याच ठिकाणी अजूनही एक मोठं गोडाऊन आहे. बांधकामाची परवानगी, आगीचा दाखला, डिझेल जनरेटरचा धूर, झालं. कूलिंगसाठी पाणी कुठून येणार, आणि मुख्य म्हणजे ज्या आठवड्यात उन्हाचा कहर असतो त्याच आठवड्यात यांना पाणी आणि वीज दोन्ही सगळ्यात जास्त लागणार, नदीही तेव्हाच आटलेली असणार, याचा हिशेब एकत्र कोण मांडतो? प्रत्येक सेंटरचा अहवाल वेगळा, बेरीज कोणाचीच नाही. युरोपने २०२३ च्या ऊर्जा कार्यक्षमतेच्या कायद्यात ५०० किलोवॅटच्या वरच्या डेटा सेंटरला दर वर्षी माहिती देणं सक्तीचं केलं, चांगलं केलं, पण लोकांसमोर येते ती गोळाबेरीज. त्यांच्या २०२४ च्या एआय कायद्यातही मोठ्या मॉडेल्सच्या ऊर्जावापराची नोंद ठेवायला सांगितलीय, पण ती नियामकाने मागितली तर दाखवायची. शेजारच्या विहिरीचं पाणी खाली गेलं तर त्या माणसाने कुठला आकडा बघायचा?

मी एआयच्या विरोधात नाही हो. पुराचे अंदाज आता त्यामुळे सुधारलेत, माझ्या रोजच्या कामात मी वापरते. पण मला ते चांगलं वाटतं म्हणून त्याला पर्यावरणाच्या कायद्यातून सूट द्यायची हे कुठलं लॉजिक?

पाचव्या तक्रारीत परवानगी जुनी झाल्याचा प्रश्नच नाही कारण परवानगी मुळात घेतलीच नव्हती. २०१२ च्या जुलैमध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यासमोर हैदा ग्वाय बेटांजवळ सुमारे १०० टन आयर्न सल्फेट समुद्रात ओतलं गेलं, शेवाळ वाढेल, मासे वाढतील, कार्बन शोषला जाईल आणि वर कार्बन क्रेडिटही मिळतील म्हणून. त्यावर २०१३ मध्ये लंडन प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे समुद्रात काय टाकायचं नाही हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात, असे प्रयोग नियमात आणणारी दुरुस्ती झाली. ती अजून लागू झालेली नाही, कारण पुरेशा देशांनी तिला मान्यताच दिली नाही. एवढ्या वर्षांत फोनच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या ते तुम्हीच मोजा. २०२२ मध्ये एका स्टार्टअपने मेक्सिकोत फुग्यांमधून सल्फर डायऑक्साइड वर सोडला, सूर्यप्रकाश थोडा परतवून पृथ्वी थंड करायची म्हणून, आणि सरकारला कळलं ते बातम्यांमधून, मग जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोने असे प्रयोग बंद करणार म्हणून जाहीर केलं. २०२४ च्या सुरुवातीला नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत यावर नुसता तज्ज्ञांचा गट नेमायचा की नाही यावरही तुमचं एकमत झालं नाही. हा प्रकार एकदा मोठ्या प्रमाणावर सुरू केला आणि मधेच थांबवला तर दाबून ठेवलेली उष्णता काही वर्षांत उसळून वर येते, म्हणजे सुरू करणारं सरकार पाच वर्षांचं आणि चालू ठेवायची जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्यांची. असल्या गोष्टीला कायद्यात मालकच नाही.

खोल समुद्रातल्या खाणीचंही तेच. २०२१ च्या जूनमध्ये पॅसिफिकमधल्या नाउरू या छोट्या देशाने समुद्र कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारातलं दोन वर्षांचं कलम वापरलं, म्हणजे दोन वर्षांत नियम करा नाहीतर नियमांशिवाय अर्ज विचारात घ्या. जुलै २०२३ उलटून गेला, नियम अजून नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या १९८० च्या कायद्याचा आधार घेऊन आंतरराष्ट्रीय समुद्रतळाचे परवाने स्वतःच द्यायची तयारी दाखवली. १९८९ मध्ये पेरूच्या समोर चार किलोमीटर खोल तळावर शास्त्रज्ञांनी प्रयोग म्हणून नांगर फिरवला होता, २०१५ मध्ये परत जाऊन बघितलं तर नांगराच्या रेघा तशाच दिसत होत्या, जीवसृष्टी पूर्ण सावरलेली नव्हती. इतका स्पष्ट पुरावा हातात असताना घाई कसली ते कोणी समजावून सांगेल का? बॅटरीला धातू लागतात म्हणे. लागतात, पण बॅटरीची रसायनं दर दोन-चार वर्षांनी बदलतात आणि तो तळ सावरायला किती काळ लागेल ते कोणालाच सांगता येत नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी की हे सगळं सरळ नाहीये, हिरवी टेक्नॉलॉजी आणि हिरवा कायदा एकमेकांच्या आडवे येतात. माळढोकचं घ्या. दीडशेच्या आसपास पक्षी उरलेत, जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांना धडकून मरतात. २०२१ मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टाने राजस्थान-गुजरातमधल्या मोठ्या पट्ट्यात तारा जमिनीखाली घाला म्हणून आदेश दिला. तोच पट्टा सौर आणि पवन ऊर्जेचा. सरकार म्हणालं एवढ्या क्षेत्रात हे शक्य नाही, आणि मार्च २०२४ मध्ये कोर्टाने तो आदेश बदलून काम तज्ज्ञ समितीकडे दिलं आणि त्याच निकालात पहिल्यांदा सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मधला हक्क आहे. हक्क मिळाला त्याच कागदावर माळढोकच्या आकाशाचा तुकडा लहान झाला. मला यात कोणी खलनायक दिसत नाही. पण अशी भांडणं कोर्टात येईपर्यंत थांबायचं कशाला, कुठल्या माळरानावर तारा नेऊच नयेत याचा नकाशा टेंडरच्या आधी करता येतो ना? युरोपमध्ये २०२३ पासून अक्षय ऊर्जेच्या मंजुऱ्या पटापट द्यायचे नियम आलेत, त्याला माझा विरोध नाही, पटापट द्याच, पण मग पाच-दहा वर्षांनी परत बघा की तारांवर काय आणि किती मेलं. वेग आणि फेरतपासणी एकत्र चालू शकतात.

तुमच्याकडून येणारं नेहमीचं उत्तर मला माहीत आहे, गुंतवणूकदाराला निश्चितता हवी, दर दहा वर्षांनी परवानगी उघडली तर पैसा कोण लावणार. विमा कंपन्यांना विचारा. त्या दर वर्षी नव्याने हिशेब करतात आणि नाही परवडलं तर निघून जातात, मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सगळ्यात मोठ्या घर-विमा कंपनीने नवीन पॉलिसी देणं थांबवलं, वेगाने वाढणारी आपत्तींची जोखीम हे एक कारण स्वतःच सांगितलं. म्हणजे बाजाराने गृहीतक कधीच बदललंय, जुन्या गृहीतकावर बसलाय तो फक्त कायदा. आणि निश्चिततेच्या नावाखाली काय काय चालतं तेही सांगते. नेदरलँड्सच्या सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये अर्जेंडा या पर्यावरण संस्थेने केलेल्या केसमध्ये सरकारला सांगितलं की १९९० च्या तुलनेत २०२० पर्यंत उत्सर्जन किमान २५ टक्के कमी करा. त्याच सुमाराला देशाने कोळशावरची वीज २०३० पर्यंत बंद करायचा कायदा केला, तर २०२१ मध्ये वीज कंपन्या एनर्जी चार्टर या ऊर्जा गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या कराराखाली लवादात गेल्या, भरपाई द्या म्हणून. पुढे त्या केसेस मागे घेतल्या गेल्या आणि युरोपियन युनियन जून २०२५ मध्ये त्या करारातून बाहेरही पडलं, पण असे गुंतवणूक करार तुमच्या बाकीच्यांच्या कपाटात ढिगाने आहेत. कोर्ट म्हणतं उत्सर्जन कमी करा, आणि केलं तर लवाद म्हणतो पैसे मोजा, यात मधे बसलेल्या मंत्र्याने काय करायचं?

कोर्टाचं ऐकायचंच नाही हाही एक मार्ग तुम्ही काढलाय म्हणा. एप्रिल २०२४ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने स्वित्झर्लंडच्या वयस्कर बायकांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला, उष्णतेच्या लाटांपासून संरक्षण देण्यात सरकार कमी पडलं म्हणून. जूनमध्ये त्यांच्या संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की आम्ही पुरेसं केलंय. दुसरीकडे पेरूमधल्या एका शेतकऱ्याने, ज्याच्या घराच्या वर वितळणाऱ्या हिमनदीचं सरोवर फुगत चाललंय, २०१५ मध्ये जर्मनीच्या मोठ्या वीज कंपनीवर केस केली. मे २०२५ मध्ये जर्मनीतल्या हामच्या कोर्टाने त्याची केस फेटाळली कारण त्याच्या घराला असलेला धोका पुरेसा मोठा नाही, पण तत्त्व म्हणून मान्य केलं की मोठ्या उत्सर्जकाला दुसऱ्या खंडातल्या नुकसानासाठी जबाबदार धरता येतं. एवढं एक वाक्य कागदावर यायला एका माणसाची दहा वर्षं गेली, आणि ते वाक्य तुमच्यापैकी कुठल्याही संसदेला एका अधिवेशनात कायदा करून लिहिता आलं असतं.

मी मागतेय ते अशक्य आहे असं कृपया म्हणू नका, कारण तुम्ही ते एकदा केलंय. ओझोनसाठीचा १९८७ चा मॉन्ट्रियल करार. त्यात लिहिलंय की निदान दर चार वर्षांनी विज्ञानाचा आढावा घ्यायचा, आणि जे वायू आधीच यादीत आहेत त्यांची मर्यादा त्या आढाव्यानुसार आवळायची असेल तर परत प्रत्येक संसदेची मंजुरी लागत नाही, ठरलं की सगळ्यांना लागू. म्हणून तो करार जुना झाला नाही. २०१६ मध्ये किगालीत एसी-फ्रिजमधले एचएफसी वायूही त्यात आले, ज्यामुळे शतकाअखेरपर्यंत अर्ध्या अंशापर्यंत तापमानवाढ टळू शकते. पॅरिस करारातही दर पाच वर्षांचं चक्र आहे, पण ते देशाच्या उद्दिष्टांपुरतं, ते खाली माझ्या टेबलावरच्या नमुन्यापर्यंत झिरपतच नाही.

तर मागण्या. जरा स्पष्टच लिहिते.

१. मोठ्या प्रकल्पाची प्रत्येक पर्यावरण मंजुरी जास्तीत जास्त दहा वर्षांची. नूतनीकरणात त्या वेळच्या हवामान अंदाजांवर पूर, उष्णता, पाणी यांचा नव्याने हिशेब सक्तीचा, आणि लोकांनी लेखी विचारलेल्या प्रश्नांना लेखी कारणासहित उत्तर. जुनी धरणं आणि खाणीच्या गाळाचे तलाव पहिल्या फेरीत.

२. विहित नमुन्यात पुढच्या पावसाचं प्रकरण घाला. हे एका परिपत्रकाचं काम आहे, याला जागतिक परिषद लागत नाही.

३. इंधन काढायच्या परवानगीत ते जळल्यानंतरचं उत्सर्जन मोजा. कोर्टाने सांगायची वाट न बघता.

४. उपग्रहाने दाखवलेल्या गळतीला १५ दिवसांत जाहीर उत्तर आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती, नाहीतर रोजचा दंड. आणि मोजणाऱ्या उपग्रहांसाठी सरकारी पैसा.

५. डेटा सेंटरचा वीज आणि पाण्याचा आकडा सेंटरनिहाय, महिन्यानिहाय, सगळ्यांना दिसेल असा. उन्हाळ्याच्या महिन्यांचा वेगळा. व्यापारी गुपित म्हणून पाणी लपवता येणार नाही हे कायद्यात लिहा.

६. आकाशात आणि समुद्रात करायचे मोठे प्रयोग आणि खोल समुद्रातली खाण, नियम लागू होईपर्यंत बंद. नुकसान होणार नाही हे सिद्ध करायची जबाबदारी करणाऱ्याची. २०१३ ची दुरुस्ती ज्यांनी अडकवून ठेवलीय त्यांनी या वर्षी मान्यता द्यावी.

७. हवामानाच्या कारणाने परवानगी कडक केली किंवा काढून घेतली तर गुंतवणूक लवादात भरपाई मागता येणार नाही, असं प्रत्येक जुन्या करारात घाला.

यातली दुसरी मागणी मान्य करायला एक दुपार पुरेल आणि सातवीला कदाचित दहा वर्षं लागतील, मला अंदाज आहे. तुमची पुढची परिषद नोव्हेंबर २०२६ मध्ये तुर्कस्तानात अंताल्याला आहे. तिथे जाण्याआधी प्रत्येक देशाने एक तक्ता जाहीर करावा, आपल्याकडे किती चालू पर्यावरण मंजुऱ्या आहेत, त्यातल्या सगळ्यात जुनीचं वर्ष कोणतं, आणि तिच्या पुराच्या हिशेबात कुठल्या सालापर्यंतचा पाऊस धरलाय. तीनच रकाने आहेत. ज्यांच्याकडे ही माहिती एकत्र नाही त्यांनी तिसऱ्या रकान्यात तसं लिहावं, तेही उत्तर चालेल, पण रकाना कोरा ठेवू नका.

आपली,
अहवालांमधलं पावसाचं प्रकरण लिहिणारी एक इंजिनिअर